रुमी मस्तकी आणि सकाळची गोळी

आमच्या घरात सकाळची ॲसिडिटीची गोळी औषधात धरत नाहीत. ब्रश केला, गोळी घेतली, चहा टाकला. वर्षानुवर्षं हेच. मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मला कसलंही औषध चालू नाही. विचारलं, आणि मी सांगितलंही तसंच. त्या एका ‘नाही’चं काय झालं ते लिहायला बसले आहे. ज्यांना फक्त पथ्य हवंय त्यांनी दुसरीकडे बघावं, कारण माझ्याकडून पथ्य घेऊन माझी वहिनी मरता मरता वाचली आहे.

मी मुलुंडला राहते. एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक रकाना जरी रिकामा असला तरी मी पालकांना परत पाठवते. “पुन्हा भरून आणा. नीट वाचून.” सोसायटीत, माहेरी, सगळीकडे लोक मलाच विचारतात, आणि नाही विचारलं तरी मी सांगतेच. गप्प बसायचं हे मला कुणी शिकवलंच नाही.

दुर्बीण

गेल्या वर्षी माझं पोट बिघडलं. दोन घास खाल्ले की पोट टम्म, छातीखाली जळजळ, पहाटे उठून बसायचं. नवरा अविनाश म्हणायचा, “तुझं डोकं सदा गरम, मग पोट कसं थंड राहील?” मी हसण्यावारी नेत होते, पण आतून टरकले होते. माझे बाबा पोटाच्याच कॅन्सरने गेले. त्यांचीही सुरुवात ‘गॅसेस झालेत गं’ इथूनच झाली होती.

एंडोस्कोपीच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी अविनाशला लॉकरची किल्ली कुठे आहे, विम्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “अगं ए, आत तपासायला चाललीयेस, वर नाही.” मला हसू आलं नाही. आत दुर्बीण घशाखाली जाताना लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, माणूस म्हणून काही शिल्लक राहत नाही. तेव्हा तिथल्या एका मावशीने माझं तोंड पुसलं आणि “झालं हां, झालं, माझी बाय ती” म्हणत शेवटपर्यंत माझा हात धरून ठेवला. तिचं नावही मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या भाचीच्या वयाच्या. म्हणाल्या, “कॅन्सर वगैरे काही नाही. जठराला सूज आहे, एका जंतूमुळे. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. नंतर काही आठवड्यांनी तपासणी करून जंतू गेला का बघू.” मी लिफ्टमध्ये ढसाढसा रडले. कॅन्सर नाही म्हटल्यावर पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही. फाइलमधला कागदही मी खालपर्यंत वाचला नाही. मी, हेडक्लार्क!

चौथा दिवस

त्या गोळ्यांनी वाट लावली. तोंडात सतत पितळेची चव, जिभेवर जुनी चावी ठेवल्यासारखी. चहा कडू, वरण कडू, थुंकी कडू. मळमळ तर विचारू नका. चौथ्या दिवशी मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मोबाईल हातात घेतला. त्यात एक बाई गोड आवाजात सांगत होती की एका झाडाचा चीक आहे, त्याने पोटातला हा जंतू मुळापासून जातो, अँटिबायोटिकची गरजच नाही.

रुमी मस्तकी म्हणतात त्याला. घाटकोपरला एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली. ग्रीसमधल्या एका बेटावरचं झाड, त्याच्या खोडाला खाचा पाडल्या की जो चीक गळतो, तो वाळून त्याचे हे खडे होतात. साबुदाण्याएवढे, फिक्या पिवळ्या रंगाचे, आरपार दिसणारे. दाताखाली घेतला की आधी भुगा होतो, मग च्युइंग गमसारखा चिवट गोळा. वास देवदाराच्या लाकडासारखा. दुकानातल्या म्हाताऱ्या गुजराती काकांनी पुडी बांधताना सांगितलं होतं, “पेट के लिए एक नंबर चीज है, बेन. मगर डॉक्टर की दवा चालू रखना हां.” तो माल विकणारा माणूस होता, तरी त्याने सांगितलं. हे वाक्य मी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

रोज उपाशीपोटी चिमूटभर पूड पाण्यातून आणि दुपारी एक खडा चघळायला. आठवड्याभरात जळजळ थांबली. खरंच थांबली, खोटं कशाला बोलू? मी भाकरी खायला लागले, मिसळ खायला लागले. आणि सकाळची ती गोळी? ती चालूच होती. ब्रश, गोळी, चहा. ती काय औषध आहे!

दीड महिन्याने मी तपासणीला नमुना दिला. लॅबमधल्या बाईने फॉर्म भरताना विचारलं, “काही औषध चालू आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. अगदी ठसक्यात.

रिपोर्ट स्वच्छ आला. मी डॉक्टरांकडे गेलेच नाही, कशाला जायचं? माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘गोळ्या चौथ्या दिवशी बंद. फक्त रुमी मस्तकी. जंतू गायब!’ टाळ्यांचा पाऊस पडला. दोन दिवस मी हवेत होते.

वहिनी

माझी आई गेली तेव्हा मी अकरावीत होते. दादाचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सुलभावहिनी मालवणकडची. विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या त्या दोन खोल्यांत तिने माझे डबे भरले, माझ्या परीक्षांना रात्री चहा केला, माझ्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली. वयाने माझ्यापेक्षा मोठी, तरी मला ‘वन्सं’ म्हणते आणि ‘तुमी’ म्हणते. मी तिला ‘तू’. नणंदेचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे ती माहेराहून शिकून आली होती. तीस वर्षांत तिने मला कधी ‘नाही’ म्हटलेलं मला आठवत नाही. याचं मला कौतुक वाटायचं. आता भीती वाटते.

तिचंही पोट दुखत होतं, बरेच महिने. वर गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या खायची. मीच तिला ओढत माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिला तोच जंतू निघाला आणि शिवाय एक छोटा अल्सर. तेच चौदा दिवस, त्याच गोळ्या. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. “वन्सं, तोंड नुसता कडू झाला. पाणीसुद्धा जायना.”

रविवारी मी रुमी मस्तकीचा डबा घेऊन विक्रोळीला हजर. दादा खुर्चीत पेपर वाचत होता. मी वहिनीची गोळ्यांची पाकिटं गोळा केली आणि कपाटावर ठेवून दिली. “सोड ती विषं. सगळं बंद कर.”

“ती सकाळची कॅप्सूल पण? ती ॲसिडिटीची मा?”

“सगळं म्हणजे सगळं. मी काय घेतलं? हेच ना फक्त?”

दादाने पेपर खाली केला. “बाय, डॉक्टरांना एकदा विचारूया का?”

“डॉक्टर काय सांगणार दादा? त्यांना गोळ्याच खपवायच्यात. माझा रिपोर्ट बघितलास ना?”

त्याने पेपर पुन्हा वर केला. वहिनीने डबा देवघराच्या फळीवर ठेवला. जिथे ती आमच्या आईचा फोटो ठेवते, त्याच्या शेजारी.

जाताना मी आणखी एक अक्कल पाजळून गेले. “सुरुवातीला पोट थोडं बिघडेल हां. घाबरू नकोस, घाण बाहेर पडते.” हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मला बोलताना सुचलं.

फोन

आठ दिवसांनी, भर प्रवेशाच्या गर्दीत, तिचा फोन आला. मी खांद्यावर मोबाईल धरून फॉर्मवर शिक्के मारत होते.

“वन्सं, बिझी आसात काय?”

“बोल बोल.”

“ता… परवापासून काळा जाता. डांबरासारखा.”

“अगं जाऊ दे, घाण निघतेय. निघू दे.”

“चक्कर पण येता जराशी.”

“खात नसशील नीट. पेज घे आणि पड जरा. ठेवू?”

अर्धं मिनिट. फार तर. समोर एक बाई उभी होती, तिच्या फॉर्ममध्ये वडिलांचा रकाना रिकामा होता. फोन ठेवून मी तिला परत पाठवलं.

दोन दिवसांनी सकाळी वहिनी बांगडे साफ करता करता ओट्याखाली कोसळली. दादाचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, “बाय, ये.”

बाकावर

काळं पडत होतं ते रक्त होतं. अल्सरमधून किती दिवस झिरपत होतं कोण जाणे. तिला मुलुंडला आमच्या डॉक्टरीणबाईंच्याच हॉस्पिटलात आणलं. मी पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती, चेहरा धुऊन धुऊन विटलेल्या पातळासारखा पांढरा. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, दुर्बिणीतूनच रक्त थांबवलं, आणि अतिदक्षता विभागात ठेवलं. “पुढचे दोन दिवस बघू,” डॉक्टर म्हणाल्या. ‘बघू’ हा शब्द मला तेव्हा कळला.

सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला एकेकालाच आत सोडायचे, एकच पास. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. दादा पास मला द्यायचा. “तू जा आधी. तिला तुला बघून बरं वाटेल.” कटिंग आणला की अर्धा माझ्या कपात ओतायचा, बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवायचा. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. एकदा तरी म्हणायचं होतं ना त्याने, की तुझ्यामुळे. नाही म्हणाला.

मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, मी तिच्यासाठी प्रार्थना करत होते आणि त्यातच मधे मधे हेही मागत होते की तिने फोनचं कुणाला सांगू नये. माणूस एवढं हलकट असतं. मी होते.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे नीट उघडे होते. मी आत होते तेव्हाच डॉक्टर आल्या. फाइल चाळत त्यांनी विचारलं, “सुलभाताई, गोळ्या कुणी बंद केल्या?”

वहिनीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मीच. कडू लागत होत्यो.”

“आणि काळं होत होतं, तरी कुणाला सांगितलं नाहीत?”

“नाय. माझाच चुकला.”

डॉक्टर तिला रागावल्या. त्या बाईला, जिच्या हाताला तीन सुया टोचलेल्या होत्या. आणि मी पलंगाशी पाण्याची बाटली धरून उभी होते. आयुष्यभर नको तिथे बोलले. बोलायचं तिथे माझी दातखीळ बसली.

नंतर मी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना गाठलं. सगळं सांगायला गेले होते, पण सवय जाते का? मोबाईलवरचा माझा रिपोर्ट पुढे केला. “डॉक्टर, तुमच्या गोळ्या मी चौथ्या दिवशी सोडल्या, पण मला मात्र रुमी मस्तकीच्या चिकाने फरक पडला होता. हे बघा.”

त्यांनी बघितला. “टेस्टच्या वेळी ॲसिडिटीची गोळी बंद होती ना? फाइलमध्ये लिहिलं होतं मी, दोन आठवडे आधी बंद करायची म्हणून.”

“हो,” असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. “ती… ती तर रोजचीच आहे.”

“ती चालू असली की जंतू दबून बसतो. असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाही कधी कधी.” मग थोडं हळू आवाजात म्हणाल्या, “चिकाने थोडा आराम वाटत असेलही. पण त्याच्या भरवशावर हा जंतू सोडून द्यायचा नसतो. तुम्हाला बरं वाटलं ते बहुतेक आधीच्या तीन-चार दिवसांच्या औषधाने आणि या रोजच्या गोळीनेच. वहिनींच्या अल्सरलाही तीच सांभाळत होती.”

तीच. जी मी घेत राहिले आणि तिला सोडायला लावली.

विक्रोळी

वहिनी घरी आली. मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. जंतू जसाच्या तसा होता, माझ्या पोटात ठाण मांडून बसलेला. रिपोर्ट घेऊन मी थेट विक्रोळीला गेले. अविनाश म्हणाला, “मी येऊ?” म्हटलं नको, हे माझं एकटीचं आहे.

वहिनी पलंगावर उशीला टेकून लसूण सोलत होती. दादा शेजारी. बसता बसता माझी नजर फळीवर गेली. डबा तिथेच होता, अर्धा रिकामा. म्हणजे हॉस्पिटलातून आल्यावरही ती तो घेत होती? मी विचारलं तर ओशाळून म्हणाली, “डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर घेतंय. तुमी इतक्या प्रेमान दिलात.”

मग मला राहवलं नाही. “दादा, हिने गोळ्या आपल्या मनाने बंद नव्हत्या केल्या. मी करायला लावल्या.”

“माहीत आहे. मी इथेच होतो की.”

“तेवढंच नाही. हिला काळं होत होतं तेव्हा हिने मला फोन केला होता. मी म्हटलं, घाण निघतेय, निघू दे.”

दादाने खाली पडलेली लसणीची सालं गोळा केली. मग म्हणाला, “फोन स्पीकरवर होता, बाय. मी ऐकलं होतं.” त्याने खुंटीवरच्या शर्टाकडे बोट दाखवलं. “मी तिला दवाखान्यात न्यायला कपडे घालून बसलो होतो. तू म्हणालीस निघू दे, म्हणून शर्ट काढून ठेवला. तुला काय बोलू? तू स्वतः करून बघितलं होतंस. बरी झाली होतीस. आम्हाला वाटलं, हिने केलंय तर बरोबरच असणार.”

म्हणजे बाकावर तीन दिवस आम्ही दोघंही एकच गोष्ट गिळून बसलो होतो. तो मला माफ करत होता. तिथेच थांबले असते तर निभावलं असतं. चहा झाला असता, रडारड झाली असती, मी मोकळी होऊन घरी आले असते. पण ज्या गोष्टीवर तो मला माफ करत होता, तीच खोटी होती.

“दादा, मी करून बघितलंच नव्हतं,” मी म्हटलं. “चौदा दिवसांच्या गोळ्या सोडल्या, पण सकाळची ॲसिडिटीची गोळी मी एक दिवससुद्धा बंद केली नाही. ती मी रोज घेत होते. आणि हिला म्हटलं, सगळं बंद कर.” रिपोर्ट मी पलंगावर ठेवला. “जंतू पण गेलेला नाही. हे बघ.”

दादा उठला आणि गॅलरीत गेला. कठड्याला धरून पाठमोरा उभा राहिला.

वहिनीच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शाळेत एखाद्या मुलाला गणित कळत नाही तेव्हा तो बघतो तसं.

“मगे माका कित्याक बंद करूक सांगलात, वन्सं?”

लक्षात नव्हतं गं, ती गोळी मोजतच नाही आम्ही, हेच खरं आहे. पण मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. मी तिचे पाय धरले. तिने ते ओढून घेतले, कारण वहिनीने नणंदेकडून पाय धरून घ्यायचे नसतात. एवढ्या सगळ्यातही तिला ते आठवलं. मग आम्ही दोघी रडलो. दादा आत आला नाही.

चौदा दिवस

वहिनीच्या अंगात थोडी शक्ती आल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकदमच पुन्हा कोर्स दिला, माझ्या गोळ्या थोड्या बदलून. तीच पितळेची चव, तीच मळमळ. यावेळी मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार? रोज संध्याकाळी मी फोन करायचे, “घेतलीस?” आणि ती म्हणायची, “घेतलंय. तुमी?” बाराव्या दिवशी मला घेतल्या घेतल्या उलटी झाली. तिला सांगितलं तर म्हणाली, “डॉक्टरांका फोन करा, परत घेवची काय ता इचारा.” केला.

ग्रुपवर मी जुन्या रिपोर्टखाली नवा रिपोर्ट टाकला आणि सगळं लिहिलं, गोळीसकट, फोनसकट. यावेळी टाळ्या नाहीत. एका मामेबहिणीने तेवढं विचारलं, ‘मग मी पण मागवली होती ती, टाकून देऊ?’ मी तिला लिहिलं, डॉक्टरांना विचार. हे दोन शब्द टाईप करायला मला किती वेळ लागला असेल!

दादा महिनाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. हळूहळू येतोय रुळावर. पूर्वीसारखा ‘बाय, तुला काय वाटतं?’ असं मात्र अजून विचारत नाही.

पुढच्या तपासणीला लॅबमधल्या त्याच बाईने विचारलं, काही औषध चालू आहे का? मी नव्याने सुरू झालेली रक्तदाबाची सांगितली, कॅल्शियमची सांगितली, ॲसिडिटीची दोन आठवड्यांपूर्वी बंद केली तेही सांगितलं, रात्री दुधात घालते ती हळददेखील सांगितली. ती म्हणाली, “पुरे मॅडम, रकाना भरला.” आम्हा दोघींचे रिपोर्ट स्वच्छ आले. वहिनीचा मी दोनदा वाचला, अगदी खालपर्यंत.

परवा विक्रोळीला गेले होते. वहिनीच्या गालावर रंग आलाय, पुन्हा बांगडे साफ करते, फक्त आता स्टुलावर बसून. मी कोकमाचं आगळ नेलं होतं. जिभेला हाड नाहीच माझ्या, म्हटलं, “रोज सकाळी थोडं घेत जा गं, पोटाला थंड असतं.”

तिने बाटली हातात घेतली, कौतुकाने बघितली आणि फळीवर न ठेवता माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

“थांबा हां, वन्सं,” ती म्हणाली. “आधी डॉक्टरांका इचारतंय.”

तीस वर्षांत पहिल्यांदा. क्षणभर लागलं मला, नाही कशाला म्हणू? मग मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

“विचार,” म्हटलं. “आणि काय म्हणाल्या ते मलाही सांग.”